कबुली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आमच्या घरात 'कबूल' हा शब्द लग्नात ऐकू येतो. काझीसाहेब विचारतात, नवरा मुलगा खाली मान घालून 'कबूल' म्हणतो आणि मांडवात खजूर वाटले जातात. हाच अरबी शब्द मराठीत आला आणि थेट पोलीस ठाण्यात जाऊन बसला. कबुलीजबाब, गुन्ह्याची कबुली. एकाच शब्दाची ही दोन घरं, आणि मी दोन्हीकडे राहणारा माणूस. त्यामुळे या शब्दाकडे माझं लक्ष जरा जास्तच जातं.

मी कवितेचा माणूस, इतिहासाचा अभ्यासक नव्हे. पण बी. ए. करत असताना आर्थर मिलरचं 'द क्रुसिबल' हे १९५३ सालचं नाटक हातात पडलं आणि त्यातून अमेरिकेतलं सेलम हे गाव डोक्यात शिरलं ते आजपर्यंत निघालेलं नाही. नाटककाराने नाटकापुरते बदल केले आहेत. त्यातली तरुण ॲबिगेल प्रत्यक्षात अकरा-बारा वर्षांची पोर होती, आणि तिचा प्रियकर म्हणून दाखवलेला जॉन प्रॉक्टर साठीला आलेला शेतकरी होता. खरी हकिगत नाटकापेक्षा कमी रंगीत आहे, पण मला ती जास्त बोचते. या गावात ज्यांनी खोटी कबुली दिली ते जगले, आणि जे खरं बोलले ते फासावर गेले.

साल १६९२. आपल्याकडे त्या वेळी राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात होते आणि मोगलांचा वेढा पडलेला होता. तिकडे अमेरिका नावाचा देश अजून जन्मायचा होता. समुद्रकिनाऱ्याने इंग्रजांच्या वसाहती होत्या, त्यातली एक मॅसॅच्युसेट्स. इथे आलेले लोक प्युरिटन पंथाचे, कडक शिस्तीचे. इंग्लंडमध्ये आपल्याला हवा तसा धर्म पाळता येत नाही म्हणून ते समुद्र ओलांडून आले होते. पण इथे आल्यावर वेगळ्या मताच्या माणसांना त्यांनी सुखाने राहू दिलं नाही. क्वेकर पंथाच्या चौघांना त्यांनी १६५९ ते १६६१ या काळात बोस्टनमध्ये फाशी दिली होती. छळ सोसलेला माणूस दुसऱ्याच्या छळाबाबत हळवा होतोच असं नाही, हे आपणही आपल्या आसपास पाहतो.

सेलम दोन होती. एक बंदराचं सेलम. तिथे व्यापार, जहाजं, पैसा. दुसरं आतल्या बाजूचं सेलम खेडं, शेतकऱ्यांचं, ज्याला आज डॅनव्हर्स म्हणतात. खेड्याला बंदराच्या तंत्राने चालायचं नव्हतं, आणि खेड्यातल्या खेड्यातही दोन तट होते. पुटनम घराणं शेतीवर जगणारं, पिढीगणिक वाटण्या होऊन जमीन कमी होत चाललेली. पोर्टर घराण्याचे हात बंदराच्या व्यापारापर्यंत पोचलेले. हद्दीवरून, ओढ्याच्या पाण्यावरून, झाडांवरून जुनी भांडणं होती. गावाने धर्मोपदेशक नेमले, ते टिकेनात. १६८९मध्ये सॅम्युएल पॅरिस आला. हा आधी बार्बाडोस बेटावर व्यापारात होता. त्याचा पगार किती, त्यातला रोख किती, सरपण कोणी द्यायचं, राहतं घर गावाचं की त्याचं, यावरून वाद. १६९१च्या ऑक्टोबरात गावच्या नव्या समितीने त्याच्या पगारासाठी पट्टी गोळा करायलाच नकार दिला. हिवाळा तोंडावर आणि घरात जाळायला लाकूड नाही. गावात तट पडले की पहिली झळ शाळामास्तराला आणि मौलवी-पुजाऱ्याला लागते, त्यातलाच हा प्रकार.

त्यात वरचं छप्परही उडालेलं होतं. वसाहतीची राजसनद १६८४मध्ये रद्द झाली होती. राजाने पाठवलेल्या गव्हर्नरला लोकांनी १६८९मध्ये पकडून कैदेत टाकलं होतं. सनद नाही, म्हणजे कायदा कोणता चालतो हेच नक्की नाही. उत्तरेच्या सीमेवर फ्रेंच आणि त्यांच्या बाजूचे वाबानाकी आदिवासी यांच्याशी लढाई चालू होती. तिथली इंग्रजांची गावं जळत होती, निर्वासित सेलमच्या बाजूला येत होते. पुढे ज्या मुली अंगात आल्यासारख्या किंचाळू लागल्या, त्यांच्यातल्या काहींनी त्या सीमेवर आपली माणसं मारली गेलेली पाहिली होती. भीती गावात आधीच मुक्कामाला होती. तिला चेहरा तेवढा मिळायचा होता.

तो जानेवारी १६९२मध्ये मिळाला. पॅरिसची नऊ वर्षांची मुलगी बेटी आणि त्याच्याकडे राहणारी भाची ॲबिगेल यांना झटके येऊ लागले. अंग वाकडं व्हायचं, कोणी चिमटे काढतंय असं त्या ओरडायच्या. वैद्याने औषध देण्याऐवजी सैतानाचा हात सांगितला. याची पुढे नाना कारणं दिली गेली. १९७६मध्ये कोणी रायच्या धान्यावरच्या बुरशीला दोष दिला, तर इतरांनी ते खोडून काढलं. मला त्यात फारसं स्वारस्य नाही. मुली कशाने आजारी पडल्या, यापेक्षा मोठी माणसं त्यांना काय विचारत होती हे महत्त्वाचं वाटतं. ती विचारत होती, कोण? तुला कोण छळतंय? काय होतंय असं नाही. कोण करतंय असं.

आधी तीन नावं आली. सारा गुड, दारोदार मागून खाणारी. सारा ऑसबर्न, नवऱ्यामागे नोकराशी लग्न केलेली आणि पहिल्या नवऱ्याच्या जमिनीवरून वादात असलेली. आपल्याकडे सातपुड्यात बाईला डाकीण ठरवतात तेव्हा तिच्या नावावरची जमीन तपासून पाहावी, असं तिथे काम करणारे कार्यकर्ते सांगतात. त्यांना हे प्रकरण नवीन वाटणार नाही. तिसरी टिटुबा, पॅरिसच्या घरातली गुलाम बाई. कागदपत्रांत तिला 'इंडियन' म्हटलंय. म्हणजे आपल्या हिंदुस्थानातली नव्हे, त्या मुलखातल्या मूळ रहिवाशांपैकी. पॅरिसने तिला बार्बाडोसहून आणलं असावं असं मानतात.

१ मार्चला चौकशी झाली. दोघी सारा म्हणाल्या, आम्ही निर्दोष. टिटुबाने आधी नाही म्हटलं, मग कबूल केलं. काळा कुत्रा, लाल मांजर, बोस्टनहून आलेला उंच माणूस, त्याचं पुस्तक आणि त्यात नऊ खुणा. न्यायाधीश जॉन हॅथॉर्नला हवं ते सगळं तिने दिलं, आणि वर नऊचा आकडा दिला. तीन पकडल्या, उरलेल्या सहा कुठे आहेत, ही चिंता गावाला लागली. मालकाने मारहाण करून माझ्याकडून हे वदवून घेतलं, असं तिने पुढे सांगितल्याची नोंद १७००मध्ये छापलेल्या एका पुस्तकात आहे. गुलाम बाई दुसरं करणार तरी काय होती?

पण त्या दिवसापासून एक रीत पडली. जो कबूल करेल त्याला लगेच फाशी द्यायची नाही, कारण त्याच्याकडून पुढची नावं काढायची आहेत. जो नाकारेल त्याच्यावर खटला. बघता बघता दीडशेहून जास्त माणसं पकडली गेली. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीही त्यात होती, तिला कित्येक महिने बेड्या घालून ठेवलं. पन्नासहून अधिक जणांनी आपण सैतानाशी करार केल्याचं कबूल केलं. शेजारच्या ॲन्डोव्हर गावात तर सख्ख्या नातेवाइकांनी बायकांच्या मागे लागून त्यांना कबूल करायला लावलं. बाई, हो म्हण आणि जिवंत राहा. त्या नातेवाइकांना मी एकदम वाईट म्हणू शकत नाही.

मे महिन्यात नवा गव्हर्नर विल्यम फिप्स नवी सनद घेऊन आला आणि त्याने विशेष न्यायालय नेमलं. मुख्य न्यायाधीश विल्यम स्टॉटन. या न्यायालयाने एक पुरावा मान्य केला. अमक्या बाईची छाया माझ्याकडे आली आणि तिने माझा गळा दाबला, असं मुलीने म्हटलं की ती बाई त्या वेळी चार कोसांवर झोपलेली असली तरी चालेल. कारण आली ती तिची छाया. आता या आरोपाला उत्तर काय देणार? १० जूनला ब्रिजेट बिशपला पहिली फाशी झाली. त्यानंतर एक न्यायाधीश, नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल, न्यायालय सोडून गेला. बाकीचे बसून राहिले. एक सांगायला हवं, सेलममध्ये चेटकिणींना जाळलं हा सर्वत्र पसरलेला समज चुकीचा आहे. इंग्रजी कायद्याप्रमाणे तिथे फाशी होती.

रिबेका नर्स एकाहत्तर वर्षांची, गावात मान असलेली, कानाने कमी ऐकणारी आजीबाई. तिच्या बाजूने एकोणचाळीस शेजाऱ्यांनी सह्या करून अर्ज दिला. त्यात पुटनम आडनावाचीही माणसं होती. तो काळ लक्षात घेतला तर या एकोणचाळीस सह्यांना फार मोठी छाती लागली असेल. पंचांनी तिला निर्दोष ठरवलं. मुली किंचाळल्या. स्टॉटनने पंचांना तिच्या एका वाक्याचा पुन्हा विचार करायला सांगितलं. पंचांच्या प्रमुखाने त्या वाक्याचा अर्थ तिला विचारला. तिला ऐकूच गेलं नाही, ती गप्प राहिली. पंचांनी निकाल फिरवला. १९ जुलैला तिला फाशी झाली. तिची बहीण मेरी ईस्टी हिने न्यायालयाला अर्ज लिहिला. मी मरणार हे मला माहीत आहे, माझ्या जिवासाठी मागत नाही, पण यापुढे निरपराधांचं रक्त सांडू नये एवढं पाहा, असा त्याचा आशय होता. तिलाही २२ सप्टेंबरला फासावर चढवलं.

मार्गारेट जेकब्ज नावाची तरुण मुलगी होती. तिने घाबरून कबुली दिली आणि स्वतःच्या आजोबांचं नाव घेतलं. गावाचा एके काळचा धर्मोपदेशक जॉर्ज बरोज, त्याचंही नाव घेतलं. मग तिला ते सोसवेना. तिने कबुली मागे घेतली. फाशीच्या आदल्या दिवशी तुरुंगात बरोजची माफी मागितली, आणि त्याने तिला माफ करून तिच्यासोबत प्रार्थना केली, असं नोंदवलेलं आहे. १९ ऑगस्टला बरोज आणि तिचे आजोबा दोघेही गेले. मार्गारेट आजारी असल्याने तिचा खटला लांबला आणि ती वाचली. सॅम्युएल वॉर्डवेलनेही दिलेली कबुली मागे घेतली. त्याला फाशी झाली.

आणि जाइल्स कोरी. ऐंशीच्या घरातला शेतकरी. नाटकात तो शूर म्हातारा आहे. मात्र मार्चमध्ये याच माणसाने स्वतःच्या बायकोविरुद्ध जबानी दिली होती, हे विसरता येत नाही. सप्टेंबरात त्याच्यावर पाळी आली, तेव्हा या न्यायालयाकडून आपला निवाडा करून घ्यायला त्याने संमतीच दिली नाही. संमती मिळवण्यासाठी छातीवर दगड रचत जायचे, अशी जुनी इंग्रजी रीत होती. जमीनजुमला त्याने आधीच जावयांच्या नावे केला होता. दगडांखाली तो मेला, पण हवा तो शब्द त्याने दिला नाही. तीन दिवसांनी त्याची बायको मार्था हिला फाशी झाली. एकूण एकोणीस जण फासावर गेले, चौदा बायका आणि पाच पुरुष. कोरी वेगळा. आणि किमान पाच माणसं तुरुंगात मेली.

हे थांबलं कसं? नावं वरवर चढू लागली. गव्हर्नरच्या बायकोकडेही बोट दाखवलं गेल्याची कुजबूज होती. ऑक्टोबरात बोस्टनचे मोठे धर्मोपदेशक इन्क्रीज मॅदर यांनी छायेच्या पुराव्यावर हरकत घेतली. एका निरपराधाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे, असं त्यांचं म्हणणं. महिनाअखेर फिप्सने ते न्यायालय बंद केलं. १६९३च्या मेपर्यंत उरलेले सुटले. सुटले म्हणजे तुरुंगाच्या खाण्यापिण्याचे, बेड्यांचे पैसे भरून सुटले. लिडिया डस्टिन ही म्हातारी निर्दोष ठरूनही पैसे नाहीत म्हणून आतच मेली. टिटुबाचे पैसे पॅरिसने भरले नाहीत. वर्षाहून अधिक काळानंतर ते पैसे भरणाऱ्याला ती विकली गेली.

श्रोतेहो, आता थोडं माझं. ही गोष्ट मी जाहीरपणे कधी सांगितलेली नाही. मी बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या गल्लीत एक एकटी म्हातारी राहायची, सगळे तिला खाला म्हणायचे. शेजारचं एक पोरगं तापाने फणफणलं, आठ दिवस उतरेना. कोणीतरी म्हणालं, खालानेच काहीतरी केलं. चार मोठी माणसं बसली. माझं अक्षर चांगलं म्हणून मला बोलावलं. कागदावर मी लिहिलं, 'मी कबूल करते की...' पुढचं सांगत नाही. शेवटी, खोली सोडून जाते, असं होतं. खालाला मराठी वाचता येत नव्हतं, खरं तर काहीच वाचता येत नव्हतं. तिने मला विचारलं, "क्या लिख्या रे बेटा?" मी म्हणालो, "कुछ नइ खाला, अंगूठा लगाव." तिने लावला. पोरगं पुढे दवाखान्यात टायफॉइडच्या औषधाने बरं झालं. खोलीत दुसरा भाडेकरू आला, भाडं वाढवून. खाला तिच्या भाच्याकडे गेली आणि दोन वर्षांत वारली. त्याच वर्षी माझी पहिली कविता छापून आली. अक्षराचं कौतुक झालं.

म्हणून सेलमच्या पुढच्या हकिगतीत मी अडकून पडतो. त्या न्यायालयात सॅम्युएल सिवॉल नावाचा न्यायाधीश होता. फाशीच्या निकालांत सामील असलेला. पाच वर्षांत त्याच्या घरात मुलं दगावली. १६९६च्या डिसेंबरात दोन वर्षांची मुलगी गेली. १४ जानेवारी १६९७ हा वसाहतीने प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस ठरवला होता. त्या दिवशी बोस्टनच्या चर्चमध्ये सिवॉलने धर्मोपदेशकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि भर सभेत आपल्या जागी उभा राहिला. चिठ्ठी वाचली जात होती तोवर उभा होता. सेलमच्या न्यायालयात जे झालं त्याचा दोष आणि त्याची लाज मी स्वतःवर घेतो, अशी ती होती. वाचून झाल्यावर तो वाकला आणि बसला. बारा पंचांनीही माफीनामा लिहून दिला. त्यानंतर सिवॉल दर वर्षी एक दिवस उपास करायचा, असं सांगतात. १७००मध्ये त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध एक छोटं पुस्तक छापलं. त्याच्या नावात योसेफला विकल्याचा उल्लेख आहे. हा योसेफ म्हणजे आमचा युसूफ. भावांनी विहिरीत टाकलेल्या आणि चार नाण्यांना विकल्या गेलेल्या युसूफची गोष्ट मी दादीच्या मांडीवर ऐकलेली. सिवॉल काही संत नव्हता, त्या पुस्तकातही काळ्या माणसांबद्दल आज वाचवणार नाहीत अशी वाक्यं आहेत. पण तो उभा राहिला. मुख्य न्यायाधीश स्टॉटन उभा राहिला नाही. फिप्सने दोषी ठरलेल्यांची फाशी थांबवली तेव्हा तो रागाने न्यायालयातून निघून गेला होता, आणि पुढे तोच कारभारी गव्हर्नर झाला. हॅथॉर्नही कधी काही बोलला नाही.

मुलींपैकी एकटी ॲन पुटनम बोलली. १६९२मध्ये ती बारा वर्षांची होती, तिने साठाहून अधिक जणांवर आरोप केले होते. आईबाप १६९९मध्ये पंधरा दिवसांच्या अंतराने गेले, धाकटी भावंडं तिने वाढवली. १७०६मध्ये गावच्या चर्चमध्ये ती उभी राहिली आणि तिची कबुली वाचली गेली. रिबेका नर्स आणि तिच्या बहिणी यांचा तिने उल्लेख केला. सैतानाने आपल्याला भुलवलं असं तिने म्हटलं. आईबापांचं नाव घेतलं नाही. ज्या मोठ्या माणसांनी तिच्या तोंडून आलेली नावं लिहून घेतली, तक्रारींखाली सह्या केल्या, त्यात तिचा बाप पहिला होता.

१७११मध्ये सरकारने बावीस जणांवरचा ठपका पुसला आणि वारसांना मिळून ५७८ पौंड दिले. काही नावं मात्र यादीत आली नाहीत. ॲन्डोव्हरची एलिझाबेथ जॉन्सन ही त्यातली एक. बावीस वर्षांची असताना तिने घाबरून कबुली दिली होती. १६९३च्या जानेवारीत तिला फाशीची शिक्षा झाली, ती फिप्सने थांबवली. यादीतून राहून गेल्यावर आपलं नाव घालावं म्हणून तिने अर्ज केला, त्याचं काही झालं नाही. लग्न नाही, मूलबाळ नाही, तिच्या बाजूने दाराशी जाणारं मागे कोणी उरलं नाही. शेवटी त्याच भागातल्या एका शाळेतल्या आठवीच्या मुलामुलींनी तिचे कागद शोधले, आमदारांना पत्रं लिहिली, आणि जुलै २०२२मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने तिचं नाव निर्दोष म्हणून लिहिलं गेलं. तोवर ३२९ वर्षं तिची ती कबुली सरकारी दप्तरात खरी म्हणून उभी होती.